ताजी भाजी आणि गोठवलेली भाजी

गोठवलेली भाजी म्हणजे शिळी भाजी, अशी पुष्कळांची समजूत असते. गिरगावातील एखाद्या घरी पाहुण्यांना मटारांची उसळ वाढावी आणि ते मटार बर्फातल्या पिशवीतले आहेत असे कळावे, की कोणाच्या तरी कपाळावर आठी उमटतेच. ही आठी कितपत रास्त आहे?

प्रथम ‘ताजी’ या शब्दाचाच विचार करावा. दादर स्थानकाजवळ पहाटे भाजीचा बाजार भरतो. वसईच्या वाडीत खुडलेला माठ काही तासांत तेथे पोचला, तर तो खरोखरच ताजा होय. परंतु मुंबईची पुष्कळशी भाजी दूरवरून ट्रकांतून वाशीच्या घाऊक बाजारात येते. पूर्वी हा बाजार भायखळ्यास होता. १९९६ साली तो वाशीस गेला. तेथून परळ-लालबागच्या टोपल्यांत आणि टोपल्यांतून स्वयंपाकघरात येईतो एक-दोन दिवस सहज उलटतात. पाण्याचा शिपका मारला म्हणजे भाजी टवटवीत दिसते खरी; पण दिसणे निराळे आणि असणे निराळे.

तोडलेली भाजी श्वासोच्छ्वास करीतच राहते आणि आपलाच साठा खर्च करते. मटारातील साखरेचे हळूहळू पिष्ट होते. म्हणून पुरंदरच्या शेतातील कोवळी शेंग जितकी गोड लागते, तितकी ती मुंबईत लागत नाही. पालकातील ‘क’ जीवनसत्त्व तर उष्ण हवेत झपाट्याने घटते.

ही झीज थंडीने रोखता येते. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतर काही वर्षे लॅब्राडोर या बर्फाळ मुलखात राहिला होता. तेथील इन्युइट लोकांनी पकडलेला मासा कडाक्याच्या थंडीत पाहता पाहता गोठे आणि पुष्कळ दिवसांनी शिजवला तरी ताजा लागे. गोठणे जितके जलद, तितके बर्फाचे कण बारीक, हे मर्म त्याने ओळखले. मोठे कण भाजीच्या पेशी फाडतात. बारीक कणांनी तसे फारसे होत नाही. १९३० साली त्याच्या पद्धतीने गोठवलेले मटार अमेरिकेत दुकानांत विक्रीस आले. आजही दाणे आधी उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणजे त्यांना खराब करणारी विकरे निष्प्रभ होतात. मग ते गोठवून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात. उकळताना थोडे जीवनसत्त्व जाते, हे मान्य केले पाहिजे. पण दोन-तीन दिवस उन्हातान्हात फिरलेल्या मटारांपुढे हे मटार उणे ठरत नाहीत.

शिवाय साठवणीचे अन्न मराठी घरास परके नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी होते. कडवे वाल, सांडगे, सुकी मासळी यांना शिळे म्हणून कोण नाक मुरडतो?

तथापि गोठवलेल्या भाजीची बाजू फार ताणू नये. काकडी गोठून वितळली की लिबलिबीत होते. कोशिंबिरीस ती कामाची नाही. आणि दुकानातील थंडी वाटेत खंडित झाली, तर सारेच मुसळ केरात! पिशवीतील दाणे सुटे खुळखुळत असावेत. त्यांचा एकच गोळा झाला असेल, तर ते वितळून पुन्हा गोठले असण्याचा संभव असतो. ती पिशवी परत ठेवावी. जानेवारीत शेंगांचे ढीग स्वस्त असताना पिशवीकडे वळण्याचे कारणच नाही. श्रावणात मात्र महागड्या, सुकलेल्या शेंगांपेक्षा तीच बरी.