पाहुण्याच्या पिशवीतली बाटली आणि मराठवाड्याची फिरती सीमा

१/
उदगीरहून रेल्वेने निघाले की कमलनगर लागते, मग भालकी, मग बीदर. राज्य बदलते, भाषा मात्र इतक्या लवकर बदलत नाही. भालकीच्या बाजारात मराठी आजही सहज चालते. उदगीर, देवणी, निलंगा या भागातल्या लेकी तिकडे नांदतात आणि तिकडच्या इकडे. धान्य, साडी-चोळी, सोन्याचा दागिना, यांतले काहीही घेऊन पाहुणा परतला तरी त्याला कोणी हटकत नाही. निरोप देताना मेहुण्याने पिशवीत ठेवलेली एक सीलबंद बाटली मात्र महाराष्ट्राच्या हद्दीत येताच कायद्याच्या भाषेत ‘आयात’ ठरते.

२/
‘आयात’ हा शब्द कायद्याचाच आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, शेजारच्या राज्यातून दारू आत आणणे ही आयातच होय. त्यासाठी परवाना वा पास नसेल तर तो गुन्हा आहे, आणि ज्या वाहनातून बाटली आली ते वाहनही जप्तीस पात्र ठरते. गोव्याहून येणाऱ्या बाटल्यांची चर्चा वारंवार होते. नांदेड-लातूरच्या सीमेची होत नाही, आणि खरा इतिहास तर तिथेच दडलेला आहे. कारण इथली सीमा गेल्या पाऊणशे वर्षांत एकदा नव्हे, तीनदा पालटली.

३/
आरंभ निजामाच्या करोडगिरीपासून करावा लागतो. करोडगिरी म्हणजे संस्थानाचे जकात खाते. १८०२ मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला आणि मालावरील जकात शेकडा ५ वर बांधली गेली. पुढे संस्थान चहूबाजूंनी इंग्रजी मुलखाने वेढले गेले, आणि त्याच्या काठाकाठाने नाके उभे राहिले. लातूरचा व्यापारी बार्शी लाइट रेल्वेने बार्शीकडे गेला की तो इंग्रजी अमलात पोचे. नांदेडचा माणूस गोदावरी खोऱ्यातल्या रेल्वेने मनमाडला उतरला की त्याच्या खिशातला हाली रुपयाही परका होई. सोयरीक मात्र या रेषेला कधीच जुमानत नव्हती. लातूरची मुलगी बार्शी-सोलापुरात दिली जाई, आणि तिला भेटायला जाणारा बाप परमुलखात जाऊन येई.

४/
दारूचे खाते वेगळे होते: आबकारी. शेतसाऱ्याच्या जोडीने आबकारी हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. शिंदी, ताडी आणि मोहाची दारू यांचे मक्ते दिले जात. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी दोन गोष्टींवर नेमका घाव घातला. त्यांनी करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले आणि शिंदीची झाडे तोडली. झाड तोडणे हा केवळ व्यसनमुक्तीचा उपदेश नव्हता. ती राज्याच्या उत्पन्नावर घातलेली कुऱ्हाड होती. हे ध्यानात घेतले तर पुढचा सगळा प्रवास उलगडतो, कारण दारूची सीमा ही या प्रदेशात प्रथम महसुलाची सीमा होती, नीतीची नंतर झाली.

५/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. राज्य वेगळे राहिले, आणि ६ एप्रिल १९५० पासून शेजारच्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पुढच्या वर्षी बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा काही भाग रद्द केला, पण गाभा टिकला. परिणाम असा की बार्शी कोरडी आणि लातूर ओले. लातूरहून बार्शीला व्याह्यांकडे निघालेल्याच्या पिशवीतली जी वस्तू घरी वैध होती, ती काही कोसांवर गुन्हा झाली.

६/
१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचना झाली. तिच्या कायद्यातली गावांची यादी तरुण अभ्यासकांनी एकदा तरी नकाशा समोर ठेवून वाचावी. बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके निघाले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले. (लातूर जिल्हा त्यातून १९८२ मध्ये झाला.) आदिलाबादचा किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ नांदेडला मिळाले. उलट देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा पट्टा नांदेडकडून आंध्र प्रदेशात गेला. गावे वाटली गेली. आत्या, मामा, साडू यांची वाटणी कोणी केली नाही. बिचकुंद्याचे आजोळ एका रात्रीत परराज्यात गेले.

७/
गंमत अशी की त्या दिवशी लातूर आणि बार्शी एकाच राज्यात आल्या, तरी दारूचा कायदा लगेच एक झाला नाही. मुंबईचा कायदा मराठवाड्यावर १९५९ मध्ये विस्तारला. त्या क्षणी बाटलीची दिशा उलटली. आता देगलूर-बिलोली-धर्माबाद कोरडे, आणि पलीकडचे बोधन, बासर ओले. कारण तेलंगण भागात तेव्हा दारूबंदी नव्हती. कालपर्यंत लातूरहून बार्शीला जाणारी बाटली आता बीदरहून उदगीरला येऊ लागली. माणसे तीच, नाती तीच, फक्त संशयित बदलला.

८/
वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने परवान्यांचे नियम सैल केले. कायद्याचे नाव ‘दारूबंदी’च राहिले आणि व्यवहार उत्पादन शुल्काचा झाला. मग १९९५ मध्ये तिसरी उलथापालथ झाली. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी १९९२ मध्ये पेटवलेले आंदोलन आंध्रभर पसरले होते. त्याच्या लाटेवर एन. टी. रामाराव यांनी जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आणली, आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये चंद्राबाबू नायडूंनी ती उठवली. मधली दोन वर्षे देगलूर-धर्माबाद ओले होते आणि पलीकडचा निजामाबाद जिल्हा कोरडा.

९/
ज्या कृत्याचा गुन्हेपणा शेजारच्या राजधानीतल्या अर्थसंकल्पागणिक बदलतो, त्याला नैतिक अपराध म्हणणे कठीण आहे. तो महसुलाचा वाद आहे. महसुलाच्या वादात सामान्य प्रवाशाला किती सूट द्यावी हा प्रश्न साधा आणि सुटणारा आहे. आश्चर्य हे की तो जगाच्या सीमेवर सुटला आहे आणि देगलूरच्या सीमेवर नाही.

१०/
दुबईत नोकरी करणारा नांदेडचा तरुण शमशाबाद विमानतळावर उतरतो. बॅगेज नियमांनुसार त्याला २ लिटरपर्यंत दारू सवलतीत आणता येते. मर्यादा छापलेली असते आणि कस्टमचा अधिकारी त्याच्याकडे चोर म्हणून पाहत नाही. तोच तरुण मोटारीने संगारेड्डीमार्गे मदनूर ओलांडून देगलूरला येतो. कस्टमने रीतसर सोडलेली ती बाटली आता दुसऱ्यांदा सीमा ओलांडते, आणि या सीमेवर तशी ठळक, सर्वांना ठाऊक असलेली सूट नाही. हजारो किलोमीटरचा प्रवास सोपा, शेवटचा टप्पा अवघड. ज्याला विमान परवडत नाही आणि जो बीदरच्या दुकानातून रीतसर कर भरून एक बाटली घेतो, त्याच्या वाट्याला तर हा अवघड टप्पा तेवढाच येतो.

११/
१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कर-नाके उठले. पिण्याची दारू मात्र घटनेनेच त्यातून बाहेर ठेवली आहे. राज्यांनी हा हक्क सोडला नाही. सोडणारही नाहीत, कारण निजामाची आबकारी आणि आजचे उत्पादन शुल्क यांतले नाते नावापलीकडचे आहे. करोडगिरीची इतर सर्व वस्त्रे गळाली, हे एकच उरले.

१२/
याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. सीमेवरच्या गावांत स्वस्त परराज्यातली दारू येते तेव्हा तिची किंमत घरातली बाई चुकवते. ज्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली, तिथे मोकळीक मागताना हे विसरता येत नाही. पण टेम्पो भरून येणारी खोकी आणि पाहुण्याच्या पिशवीतली एक बाटली यांत फरक करता न येणारा कायदा त्या बाईचेही रक्षण करत नाही. खोकी वाट काढतात. सापडतो तो एसटीतून उतरलेला, ज्याला नियम ठाऊक नसतो.

१३/
दिल्लीच्या नियमांत परराज्यातून येणाऱ्याला १ लिटरपर्यंत मुभा आहे. महाराष्ट्राला तेवढेच करता येईल: सीलबंद, कर भरलेली, पावतीसह, एका प्रौढ माणसामागे एक बाटली, आणि ही मर्यादा देगलूर, उदगीर, धर्माबाद, किनवट इथल्या बसस्थानकांवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहिलेली. तोवर उदगीरच्या मेहुण्याने बीदरच्या मेहुण्याला, ‘पुढच्या वेळी मिठाईच दे’, असे सांगून ठेवणे शहाणपणाचे.