छंद आणि छांदिष्ट : हरवलेले स्थानक

आगगाडी चालविण्याचे स्वप्न लहानपणी कोणाला पडत नाही? २००१ साली निघालेल्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ या खेळाने ते संगणकाच्या पडद्यावर आणले. त्याच्या फायली वाचणारी ‘ओपन रेल्स’ ही प्रणाली तर विनामूल्य मिळते.

माझ्या भाच्याने सुटीभर खपून या खेळात स्वतःचा एक मार्ग रचला होता. एके सायंकाळी पाहतो तो स्थानक नाहीसे झालेले, झाडे अधांतरी लोंबकळत आहेत आणि केबिन पांढरीफटक! रडवेला होऊन तो म्हणाला, “मामा, सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून भरू या.” तसे केले असते, तर दोष गेला असता की नाही कोण जाणे, त्याची सुटीभराची मेहनत मात्र खचित गेली असती.

प्रथम आम्ही त्या मार्गाची एक प्रत वेगळी ठेवली. मग कारणे शोधू लागलो. पडद्यावरील देखावा म्हणजे एकसंध चित्र नव्हे. या खेळातील जमीन २०४८ मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली असते. कोणती वस्तू कोठे आहे, याची नोंद प्रत्येक चौकोनाच्या फायलीत असते; वस्तूचा आकार दुसऱ्या फायलीत आणि तिचे रंगरूप तिसऱ्या फायलीत. त्यामुळे लक्षणावरून दोष ओळखता येतो. वस्तूच दिसत नसेल, तर आकाराची फाइल पाहावी. रंग उडाला असेल, तर रंगरूपाची. केवळ हिमऋतूतच बिघाड दिसत असेल, तर हिवाळ्याचे वेगळे रंगरूप आहे की नाही ते तपासावे.

‘ओपन रेल्स’ प्रत्येक वेळी एक नोंदवही लिहिते. न सापडलेल्या फायलींची नावे तीत मिळतात. आम्हांलाही मिळाली. आवराआवर करताना भाच्याने स्थानकाची फाइल निरुपयोगी समजून काढून टाकली होती. केबिनच्या फायलीच्या नावात एक अक्षर चुकले होते. झाडांचा उलगडा नोंदवहीत नव्हता. तो त्यालाच आठवला. झाडे लावल्यानंतर त्याने जमीन खाली केली होती, आणि झाडांची उंची स्वतंत्र नोंदलेली असल्याने ती होती तेथेच राहिली!

एका वेळी एकच दुरुस्ती करावयाची आणि गाडी चालवून पाहावयाची, असे तीनदा केले. चौथ्या फेरीस गाडी स्थानकात उभी राहिली.

पुसून टाकणे सोपे असते. पण चूक कोठे झाली, हे त्यातून कळत नाही. भाच्याने आता स्वतःची एक वही केली आहे. काय बदलले, ते तो तारखेसह तीत लिहून ठेवतो.