पान्याने ट्रॅक्टर सुरू करणं आता थांबवा



चिखलणीचे दिवस आहेत. मुळगाव असो, चामटोली असो की वांगणी, खाचरात मिनी ट्रॅक्टर उतरलेत. अशात चावी फिरवली आणि सेल्फ लागला नाही, की आपल्याकडे ठरलेला उपाय असतो. खाली उतरायचं, सेल्फवरचा बॅटरीचा नट आणि छोटी पिन पान्याने जोडायची. ठिणगी उडते, ट्रॅक्टर सुरू. मग अख्खी लावणी तसाच चालवायचा.

माझं स्पष्ट मत आहे, हा जुगाड नाही, जिवाशी खेळ आहे. चावीने सुरू करताना माणूस सीटवर असतो. बऱ्याच ट्रॅक्टरना क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. ही सोय आपल्या जिवासाठी दिलेली आहे. पाना लावला की ती बाजूला पडते, आणि आपण उभे असतो नेमके चाकाजवळ. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर सुरू होताक्षणी अंगावर येतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणूनच ट्रॅक्टर कंपन्या सीटवर बसूनच सुरू करा असा इशारा देतात आणि सेल्फच्या पिनांवर झाकण बसवतात. ते झाकण काढून फेकू नका.

दुसरी गोष्ट खर्चाची. सेल्फ लागला नाही की "सेल्फच बदलून टाक" म्हणतात. सेल्फवरची छोटी नळी म्हणजे सोलेनॉइड. चावी फिरवली की तो दोन कामं करतो, दातेरी चाक पुढे ढकलतो आणि आतली तांब्याची चकती टेकवून बॅटरीचा मोठा करंट मोटरला देतो. खराबी फक्त यातच असेल तर अख्ख्या सेल्फचे पैसे का घालायचे? आणि छोट्या पिनेला पाना लावून इंजिन फिरत असेल, तर बहुतेक वेळा सोलेनॉइडही ठीक असतो. चावीकडून येणारा करंट वाटेत अडलेला असतो.

म्हणून पार्ट घ्यायच्या आधी एवढं तपासा. गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक लावलेला, डिझेल बंद करायचा दांडा ओढलेला, आणि चावीवर सीटवर बसलेला माणूस.

1) बॅटरी : भरलेली 12 व्होल्टची बॅटरी मीटरवर 12.6 च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली, किंवा भराभर टकटक वाजलं, तर आधी बॅटरी चार्ज करा.

2) टर्मिनल आणि अर्थची वायर : पांढरा-हिरवा थर घासून काढा, नट घट्ट करा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

3) छोटी पिन : चावी फिरवल्यावर पिनेवर 12 च्या जवळ व्होल्ट येतात पण टक वाजत नाही, तर सोलेनॉइड गेला. व्होल्टच येत नाहीत, तर फ्यूज, चावी किंवा क्लचचा स्विच बघा.

4) टक वाजतो, बॅटरीही दमदार, तरी इंजिन फिरत नाही : चावी फिरवलेली असताना मीटर दोन मोठ्या नटांवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवला तर सोलेनॉइड बरा, मोटर तपासा. 12 च्या जवळ दाखवला तर आतली चकती जळलीय.

बदलताना बॅटरीची मायनस वायर सगळ्यात आधी काढा आणि सगळ्यात शेवटी लावा. वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नवा बसवताना पुढचा हूक दातेरी चाकाच्या खटक्यात नीट अडकलाय ना बघा. मोठे नट जोर लावून आवळू नका, प्लास्टिकचं झाकण तडकतं. चावी सोडूनही सेल्फ फिरतच राहिला तर लगेच बॅटरीची वायर काढा, आतले संपर्क चिकटलेत. आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

पार्टसाठी उल्हासनगरच्या बाजारात जाल तेव्हा जुना सोलेनॉइड सोबत न्या, नंबर जुळवून घ्या, बिल मागा. नुसत्या स्वस्ताईवर जाऊ नका. दिसायला सारखा असला तरी आतली चकती बारीक असेल तर ऐन लावणीत तोच दगा देईल.

पाण्याचंही बघा. 26 जुलै 2005 ला आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदी कशी फुगली होती ते आपण विसरलो नाही. 2019 ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. सेल्फ इंजिनच्या खालच्या बाजूला असतो. गाडी पाण्यात बुडाली असेल तर बॅटरी सोडवा, सेल्फ उघडून सुकवा, मगच चावी लावा.

"ऐन घाईत मेकॅनिक येत नाही," हे तुमचं म्हणणं खरं आहे. बदलापूर-अंबरनाथमध्ये या दिवसांत सगळ्यांचीच रांग असते. पण त्याला उत्तर पाना नाही. माझ्या मते आपल्या कंपनीने सभासदांकडे जास्त असलेल्या मॉडेलचे दोन-तीन सोलेनॉइड आणि एक मीटर ऑफिसात ठेवावा. आपण एकत्र आलो ते फक्त खत-बियाण्यासाठी नाही.

पटत असेल तर तुमच्या ट्रॅक्टरचं मॉडेल आणि सेल्फवरच्या पट्टीचा फोटो या नंबरवर पाठवा. आणि घरात ट्रॅक्टर जो चालवतो त्याला, विशेषतः पोरांना, हा मेसेज आज संध्याकाळीच वाचून दाखवा.