नवा डबा येतोय, थांबा!

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याने ती रचली त्याला आमचा भाचा माहीत नव्हता. म्हणीतल्या भटाच्या तुरी निदान बाजारापर्यंत तरी पोचल्या होत्या. आमच्या भाच्याच्या तुरी अजून पेरलेल्यासुद्धा नसतात, आणि तो वरणाला फोडणी हिंगाची द्यावी की लसणीची यावर तासभर बोलतो.

तुरी म्हणजे इथे कॉम्प्युटर. तोही साधासुधा नव्हे, अमेरिकेतल्या ॲपल कंपनीचा 'मॅक मिनी' नावाचा, टेबलावर ठेवायचा चिमुकला डबा. जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी तो पहिल्यांदा लोकांना दाखवला. साडेसहा इंच लांब, तेवढाच रुंद आणि दोन इंच उंच. किंमत ४९९ डॉलर. पडदा, कीबोर्ड आणि माऊस ज्याचे त्याने आणायचे. सार्वजनिक पंगतीला 'येताना ताट-वाटी आणावी' अशी सूचना असते ना, तशातला प्रकार. ज्याच्या घरी ताट आहे त्याला पुन्हा ताट विकू नये, हे तत्त्व माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला एकदम पटलं. तेव्हा डब्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पुढचा डबा कसा दिसेल हे आधीच सांगत सुटणाऱ्या अंदाजबहाद्दरांशी.

त्याचं असं झालं. २०२१ साली आमच्या कन्येला कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. चित्रं, अक्षरं, हलती चित्रं, सगळं हल्ली कॉम्प्युटरवर. घरी माझा एक जुना लॅपटॉप होता. त्याचं 'ट' हे अक्षर उमटत नसे आणि पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा चाले. मी कॉम्प्युटरसाठी साठ हजार रुपये बाजूला काढले आणि सल्ल्यासाठी भाच्याला बोलावलं. हीच माझी पहिली आणि शेवटची चूक. बाकीच्या चुका त्याने केल्या.

"मामा, आत्ता अजिबात घेऊ नका," तो म्हणाला. "नवा डबा येतोय."

"कोण म्हणतं?"

"सगळेच!"

आणि त्याने मला चित्रं दाखवली. त्या उन्हाळ्यात अंदाज असा होता की, नव्या डब्याचं झाकण काचेसारखं चकचकीत असणार आणि विजेची वायर लोहचुंबकाने चिकटणार. चित्रं इतकी हुबेहूब होती की माझा विश्वास बसला. शिवाय तर्कही बिनतोड होता. २०१० पासून डब्याचं आकारमान तेच, तळ ७.७ इंच चौरस आणि उंची १.४ इंच. नोव्हेंबर २०२० मध्ये आतली चिप बदलून एम-१ आली. तिला जागा इतकी कमी लागे की डबा उघडला तर आत बरीचशी हवाच. मग कंपनी डबा लहान करणार नाही तर काय करणार?

मी साठ हजार मुदत ठेवीत टाकले आणि कन्येला म्हटलं, "थोडं थांब, बाळ."

ती थांबली. झोपताना लॅपटॉपला टेबलफॅनसमोर ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत त्याचं काम उरकायचं. ते नाही जमलं तर मैत्रिणीकडे जायची, डोंबिवलीला. रात्रीच्या लोकलने परत यायची, आणि आमची सौ. साडेदहापासून गॅलरीत उभी.

जानेवारी २०२३ उजाडला. नवा मॅक मिनी आला. एम-२ चिप, आपल्याकडे किंमत ५९,९०० रुपयांपासून. आणि डबा? तोच! २०१० चाच! काचेचं झाकण नाही, लोहचुंबक नाही, काही नाही. लग्नाला बोलावलं, बँड वाजला, अंतरपाट दूर झाला आणि समोर शेजारच्या काकू निघाल्या, तसं आमच्या भाच्याला वाटलं. मी आनंदाने पैसे काढायला निघालो तर तो आडवा आला. "मामा, हा खरा नवा नव्हेच. खरा नवा पुढचा!"

आणि तुमचा हा बी.कॉम. मामा पुन्हा थांबला.

खरा नवा डबा आला ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस. पाच इंच लांब, पाच इंच रुंद, दोन इंच उंच. पेढ्याच्या डब्याएवढा म्हणा ना. मी सवयीने हिशेब केला. टेबलावरची जागा ५९ चौरस इंचांवरून २५ वर आली. चिप एम-४, किंमत पुन्हा ५९,९०० रुपयांपासूनच. लहान होणार हे भाकीत अखेर खरं ठरलं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. रोज पाऊस पडणार म्हणत राहिलं की तेही जूनमध्ये खरं ठरतंच.

पण एक गंमत बघा. इतकी वर्षं हा डबा किती लहान, कुठल्या रंगाचा, काठ गोल की चौकोनी यावर इतका काथ्याकूट झाला. प्रत्यक्षात डबा आला तेव्हा सगळं जग एकाच गोष्टीबद्दल बोलायला लागलं. सुरू करायचं बटण डब्याच्या खाली! मागच्या डाव्या कोपऱ्यात, तळाशी! कोपरा उचलून बोट आत घालायचं. भाच्याने मला तीन वर्षांत शंभरेक चित्रं तरी दाखवली असतील. त्यांतल्या एकातही मला हे बटण दिसलं नव्हतं. कसं दिसणार? चित्रं सगळी तोंडाकडून काढलेली. मुलगी बघायला जाणारे लोक नाक-डोळे बघून येतात आणि आमटी कशी करते ते विचारायचं विसरतात, तशी गत.

आमच्या शाखेत गिऱ्हाइकांसाठी एक पेन ठेवलेलं असतं, दोरीला बांधलेलं. ते दिसायला गचाळ आहे. पण दोरी किती लांब हवी हे कोणी ठरवलं असेल, तर ज्याने रोज पाचशे माणसांना स्लिपा भरताना पाहिलं त्याने. दोरी दोन बोटं आखूड झाली की म्हातारी माणसं कुरकुरतात. वस्तूची रचना म्हणतात ती ही. बोट कुठे जाणार, वायर कुठे अडकणार, आणखी मेमरी लागली तर घालता येणार की नाही, हे प्रश्न खरे. मॅक मिनीत २०१४ साली मेमरी बोर्डालाच डाखून टाकली होती, म्हणजे नंतर वाढवायची सोय नाही. ही गोष्ट चार वर्षं वापरणाऱ्याच्या दृष्टीने झाकणाच्या रंगाच्या शंभरपट मोठी. पण मेमरीचं चित्र काढता येत नाही, मग अंदाजबहाद्दर त्यावर बोलणार कशाला?

नुसत्या देखणेपणाने काय होतं, तेही याच कंपनीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. जुलै २००० मध्ये त्यांनी 'पॉवर मॅक जी-४ क्यूब' आणला. पारदर्शक आवरणातला सुंदर ठोकळा, किंमत १,७९९ डॉलर. बघणाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि खिशात हात घालायची वेळ आली तेव्हा नजर दुसरीकडे वळवली. जुलै २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आज तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. दुकानातून गेला आणि संग्रहालयात पोचला. अशी कीर्ती शत्रूलाही लाभू नये.

आता माझी मुख्य तक्रार. बँकेत मी एक शून्य चुकीचं लिहिलं तर हिशेब जुळेपर्यंत मला घरी जाता येत नाही. कॅश कमी भरली तर कॅशियरच्या खिशातून जाते. अंदाज करणाऱ्याचं काय जातं? २०२१ चं काचेचं झाकण फुटलं, त्याची भरपाई कोणी केली? तोच माणूस दुसऱ्या दिवशी नवं चित्र घेऊन हजर! अंदाज फुकट असतो तो सांगणाऱ्याला. ऐकून थांबणाऱ्याला त्याचे हप्ते पडतात.

भाचा म्हणतो, "पण मामा, घेतल्यावर आठ दिवसांत नवा आला तर?" मुद्दा रास्त आहे. कंपनीने तारीख जाहीर केली असेल तर आठ दिवस जरूर थांबावं, पंधरा थांबावं. पण ज्या वस्तूला तारीख नाही ती वस्तूच नाही. काम आज अडलंय ना? मग आज दुकानात जे आहे त्यातलं बघून घ्यावं. पुढच्या साली याहून चांगलं येणारच. त्याच्या पुढच्या साली त्याहून चांगलं येईल. या हिशेबाने बसलं तर माणसाने कॉम्प्युटर घ्यायचाच नाही, आणि लग्नही करायचं नाही. (हे वाक्य सौ.ने वाचलं. पुढचं एक वाक्य त्यामुळे गाळलं आहे.)

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी ठेव मोडली. व्याज दहा हजारांच्या आसपास झालं होतं. डबा घेऊन आलो आणि मोठ्या ऐटीत कन्येला सांगितलं, "बघ, थांबलो म्हणून नवाही मिळाला आणि वर दहा हजार सुटले!"

तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. तिने डबा हातात घेतला, उलटा करून पाहिला, छान आहे म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मला जुना डबाही चालला असता."

कॉमर्सला आम्हांला घसारा शिकवतात. वस्तू विकत घेतल्या दिवसापासून तिची किंमत कशी कमी होत जाते, त्याची कोष्टकं असतात. वस्तू न घेता जो घसारा होतो त्याचं कोष्टक मात्र कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. ते मला डोंबिवलीच्या लोकलने शिकवलं.

परवा भाचा पुन्हा आला. मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, पुढचा मॅक मिनी बघा कसा असणार!"

मी विचारलं, "दुकानात आहे?"

"नाही अजून."

"बटण कुठे आहे?"

"ते काही कळलेलं नाही."

"मग चहा घे," मी म्हटलं. "तो तयार आहे."