भट्टीला तापमापक, माणसाला काय?

१९०६ साली आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू तापवून एकदम थंड केला. सुरुवातीला मऊ असलेला तो तुकडा काही दिवस नुसता पडून राहिल्यावर अधिक कठीण झालेला आढळला. धातूला मुरू देऊन कठीण करण्याचे हे तंत्र, म्हणजेच कारखान्याच्या भाषेतील ‘एज हार्डनिंग’, पुढे विमानबांधणीचा आधार ठरले. काळ धातूला कणखर करतो. त्याच भट्टीपुढे वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कामगाराला मात्र झिजवतो. यातील पहिली गोष्ट निसर्गाची आहे. दुसरी निव्वळ व्यवस्थेची.

धातूची काळजी किती बारकाईने घेतली जाते, ते पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमचे सुटे भाग ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवायचे, मग १६० ते १८० अंशांवर आठ-दहा तास, प्रसंगी त्याहून अधिक काळ, भट्टीत ठेवायचे. पाच-सहा अंशांचा फरकही माल नापास करू शकतो. अमेरिकेतील मोटार उद्योगाने २००६ साली ‘सीक्यूआय-९’ ही नियमावली काढली. तिच्यानुसार भट्टीच्या कोपऱ्याकोपऱ्यातील तापमान तपासावे लागते, मोजणारी उपकरणेही पारखून घ्यावी लागतात. मोठे खरीदार हे सारे मागतात आणि लहानसा जॉबवर्कवालाही ते निमूटपणे पुरवतो.

भट्टीबाहेरच्या माणसाचे काय? पोलादाच्या गिअरचा पृष्ठभाग कठीण करण्यासाठी ९०० अंशांवर जो वायू भट्टीत सोडतात, त्यात सुमारे एक पंचमांश कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळती झाली तर ती कामगाराला चक्कर आल्यावरच कळते. लालभडक माल तेलाच्या टाकीत अर्धवट बुडून अडकला, तर तेल पेट घेते. टाकीच्या तळाशी पाणी साचले असेल, तर त्याची क्षणात वाफ होऊन उकळते तेल बाहेर उसळते. एजिंगचे चक्र रात्रभर चालते, म्हणून माणूसही रात्रभर जागतो.

भोसरी, सातपूर, वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत हे काम बहुतांशी लहान शेडमध्ये होते, हा योगायोग नव्हे. बडा कारखानदार जॉबवर्क देतो तेव्हा तो केवळ माल बाहेर पाठवत नाही. माल तापवण्यातला धोका आणि त्याची जबाबदारीही बाहेर पाठवतो. माल परत येतो. जबाबदारी परत येत नाही.

कायद्याने ही वाट अरुंद करायला हवी होती. त्याने ती रुंद केली. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार विजेवर चालणारी, दहा कामगारांची जागा हा कारखाना होता. त्याच्या कलम १३ ने अतिउष्ण प्रक्रिया कामाच्या जागेपासून अलग करण्याचे आणि तप्त भागांवर उष्णतारोधक आवरण घालण्याचे बंधन घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा विसावर नेली. नोंदणीपुरता दहाचा आकडा उरला. पण पंधरा माणसांची भट्टी आता ‘कारखाना’ नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी तर विसाची मर्यादा थेट पन्नासावर गेली. निरीक्षकाच्या पदनामालाही ‘सुविधाकार’ जोडले गेले. सुविधा कोणाची, हे सांगण्याची गरज नाही.

लहान उद्योजकाला हा खर्च झेपत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अर्धसत्य आहे. हाच उद्योजक खरीदाराच्या धाकाने भट्टीत नऊ-नऊ ठिकाणी तापमापक लावतो. वायुगळतीची सूचना देणारे यंत्र त्याहून अवघड नाही. फरक खर्चाचा नसून मागणाऱ्याचा आहे. मालाच्या बाजूने खरीदार उभा आहे. माणसाच्या बाजूने संघटना उभी नसेल, तर कोणीच उभे नसते. आणि लहान उद्योजकाचे हात खरोखरच बांधलेले असतील, तर ते बांधणाऱ्या बड्या खरीदाराने जॉबवर्कच्या दरातच सुरक्षेची किंमत मोजावी.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जीवघेण्या कामाच्या ठिकाणी कामगारसंख्येची अट न लावण्याचा अधिकार संहितेनेच केंद्र सरकारला दिला आहे. हीट ट्रीटमेंटला त्या अधिसूचनेचे संरक्षण मिळालेच पाहिजे. प्रत्येक वायुभट्टीवर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र हवे. मूळ खरीदाराला अपघाताच्या भरपाईत भागीदार केले पाहिजे. आणि कार्यकर्त्यांनी मोठ्या कारखान्यांच्या फाटकावरच न थांबता, संघटनेचा झेंडा अजून न पोचलेल्या या लहान शेडपर्यंत गेले पाहिजे. धातू नुसता पडून राहिला तरी कठीण होतो. कामगारांची एकजूट तशी होत नाही. ती घडवावी लागते.