हार नकोत, किल्ली द्या

दिवाळी अंक हाती आला की जुन्या मोटारगाडीवर एक लेख त्यात हमखास सापडतो. टपावरचे फणस, कंडक्टरच्या दोरीची टिणटिण, खिडकीच्या गजाला लावलेले नाक, आणि शेवटी मागे धूर सोडत वळणाआड गेलेली ती लाल गाडी! वाचणाऱ्याचे डोळे ओलावतात, लिहिणाऱ्याचे तर आधीच ओलावलेले असतात. असा एक लेख मीही मागे लिहिला आहे, तेव्हा हा टोमणा पहिल्याने मलाच. पण तो लेख परवा पुन्हा वाचला आणि मनात चरचरले. त्यात फणस होता, कोंबडीची टोपली होती, मळमळणारी मावशी होती. गाडी हाकणारा माणूस मात्र कोठेच नव्हता.

मग मी आठवू लागले. चिपळूणहून कऱ्हाडला आम्ही कुंभार्लीच्या घाटाने जात असू. इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी. त्याची धग थेट अंगावर. चाक एवढे मोठे आणि एवढे जड की, तीव्र वळण आले की ड्रायव्हर बैठकीवरून अर्धा उठे, चाकावर छाती टेकी आणि साऱ्या अंगाच्या भाराने ते फिरवी. गिअरचा दांडा थरथरत असे; तो पडताना होणारा खर्रर्र आवाज आम्हां पोरांना फार आवडे. घाटमाथ्यावर पाणी उकळून वाफा निघत. आम्ही खाली उतरून करवंदे खात असू, आणि तो माणूस फडक्याने हात गुंडाळून झाकण उघडीत असे. आम्ही त्याला कधी एक करवंद दिल्याचे मला आठवत नाही.

तर जुनी गाडी गोड होती ती मागे बसणाऱ्याला. पुढे बसणाऱ्याला ती घाण्यासारखी होती. मुंबईत 1937 साली आलेल्या दुमजली बसगाड्यांपैकी जुन्या धर्तीची शेवटची डिझेल गाडी 2023 सालच्या 15 सप्टेंबरला रस्त्यावरून गेली. लोकांनी तिला सजवून निरोप दिला. द्यावा! गाडीवर माया करू नये असे मी म्हणत नाही. माया गाडीपाशीच का थांबते, एवढेच विचारते.

आता बायकांकडे वळते, कारण खरा राग मला तेथे आला आहे.

आपली एस.टी. 1948 सालच्या 1 जूनला पुण्याहून नगरला (आजच्या अहिल्यानगरला) प्रथम धावली. तिच्या चालकाच्या जागी बाई बसली ती 2023 सालच्या जूनमध्ये. म्हणजे बरोबर पंचाहत्तर वर्षे! तामिळनाडूने हे 1993 सालीच केले होते. आपल्याकडे 2019 साली आदिवासी मुलींना चालकाचे शिक्षण देण्याचा समारंभ झाला. मध्ये करोना आला हे कबूल. पण समारंभापासून स्टिअरिंगपर्यंत पोचायला जवळजवळ चार वर्षे लागली. त्याच 2023 च्या मार्चपासून बायकांना निम्मे तिकीट झाले. निम्म्या तिकिटात मागे बसा म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही.

"इतके जीव बाईच्या हाती द्यायचे?" असे विचारणारे गृहस्थ माझ्या घरातही आहेत. त्यांना मी साताऱ्याच्या सुरेखा यादवांचे नाव सांगते. 2011 सालच्या 8 मार्चला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईला नेली. गाडीतले किती उतारू रामरक्षा म्हणत होते, ते गृहस्थांनीच चौकशी करून सांगावे. दुसरा मुद्दा ताकदीचा. तो जुन्या गाडीबरोबरच मोडीत निघाला. पॉवर स्टिअरिंगचे चाक आता छाती टेकून फिरवावे लागत नाही. आणि एकदोन वर्षे अवजड गाडी चालवल्याचा अनुभव मागाल, तर ज्या बाईला अवजड गाडी कोणी शिवूच दिली नाही, तिने तो अनुभव आणायचा कोठून? माहेरून?

गेल्या वर्षी दिवाळीआधी एका तालुक्याच्या गावी मला मुद्दाम बोलावणे आले. गाव कोणते, गाडी कोणाची, हे सांगत नाही. सांगितले तर इतर गावे सुटल्यासारखी होतील. तेथे चालक म्हणून नव्याने लागलेल्या एका मुलीचा सत्कार होता. मांडव, ध्वनिक्षेपक, दोन हार, एक नारळ. तिला दुर्गा म्हणून झाले, रणरागिणी म्हणून झाले. फोटोसाठी तिला तिसऱ्यांदा गाडीत चढवले. सगळे पांगल्यावर मी तिच्यापाशी गेले.

म्हटले, "बाळ, जड जातं का गं चाक?"

ती हसली. म्हणाली, "चाक नाही हो जड जात, आजी. पाणी जड जातं."

मला कळेना. तेव्हा तिने हळूच सांगितले, की पहाटे घरून निघाल्यापासून ती पाणी पीत नाही. स्थानकातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली एका शिपायाकडे, आणि शिपाई त्या क्षणी मांडवाचे बांबू सोडवीत होता. घरी परतेपर्यंत ती एका घोटावर काढी. "आता सवय झाली," ती म्हणाली, आणि गळ्यातला हार काढून माझ्या हाती दिला. गाडी सुटायची वेळ झाली होती.

हार हाती घेऊन मी उभी राहिले, आणि मला घाटमाथ्यावरचा तो माणूस पुन्हा आठवला. तो तरी कोठे जात होता? भिंतीच्या आडोशाला. मुक्कामाच्या गावी कोठे निजत होता? गाडीतच, बाकावर अंग मुडपून, डासांत. त्याला आपण सोय म्हणत आलो. आता बाई आली म्हणून आडोसा पुरेनासा झाला, आणि मंडळी म्हणतात की बायकांमुळे अडचणी वाढल्या! अडचण पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरुषाने ती गिळली म्हणून दिसली नाही. रात्रीच्या मुक्कामाला बाईला पाठवू नये असे म्हणणारे सज्जन, तेथे आतून कडी लागणारी एक खोली बांधा असे का म्हणत नाहीत? ती खोली पुरुषालाही हवीच होती.

यंदा भाऊबीजेला आपण सगळे जादा गाड्यांनी माहेरी जाऊ. चालकाची भाऊबीज चाकावर होईल, हे आपण गृहीतच धरतो. डब्यातून चार करंज्या पुढे द्यायला माझी ना नाही. यंदा मी देणारच आहे. पण उतरताना त्या स्थानकातले ते दार उघडे आहे का, एवढे पाहून घ्या, आणि नसेल तर तक्रारवहीत दोन ओळी लिहा. वही मागितली की ती सापडत नाही, हा माझा अनुभव. तरी मागा.

मी मागितली होती. तिसऱ्या खेपेला मिळाली, आणि मी पानभर लिहिले. गेल्या महिन्यात त्याच स्थानकात पुन्हा उतरले. दाराला रंग दिला होता, आणि कुलूप नवे होते.