वहीत न लिहिलेला खर्च

व्यापाऱ्याला जमाखर्चाची भाषा शिकवावी लागत नाही. परंतु ज्या एका खर्चाची नोंद आपल्या कोणत्याही वहीत होत नाही, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. हा खर्च म्हणजे हवेत जाणारा कर्बवायू होय.

पेडण्यात कोळशाची खाण नाही. मग आपण कोळसा जाळतो कोठे, असे कोणी विचारील. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते आणि देशातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासूनच निर्माण होतो. एका युनिटामागे सरासरी सुमारे 0.7 किलो कर्बवायू हवेत जातो. दिवा आपल्या दुकानात लागतो. धूर दूरच्या गावी निघतो, एवढेच.

उत्पादकता वाढली की हा प्रश्न आपोआप सुटेल, असे अनेकांस वाटते. ते पुरते खरे नाही. समजा, एका गिरणीस महिन्याला 1,000 युनिटे लागतात. म्हणजे 700 किलो कर्बवायू. नव्या मोटारीमुळे तेवढ्याच दळणास 800 युनिटे पुरली, तर 560 किलो. परंतु दळण स्वस्त झाल्याने धंदा दीडपट झाला, तर 1,200 युनिटे आणि 840 किलो! इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी 1865 साली कोळशाविषयी हाच इशारा दिला होता.

म्हणून धंदा वाढवू नये काय? मुळीच नव्हे. आपल्या मुलांना तालुक्यातच काम मिळावयाचे, तर उद्योग वाढलेच पाहिजेत. मात्र त्याच गिरणीने निम्मी वीज छपरावरील सूर्यशक्तीपासून घेतली, तर हिशेब 420 किलोंवर उतरतो.

देशाचेही असेच आहे. उत्पन्नाच्या एककामागील उत्सर्ग 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी घटविण्याचे भारताने 2022 साली जाहीर केले. परंतु उत्पन्न त्याहून वेगाने वाढले, तर एकूण उत्सर्ग वाढतोच. 2025 साली देशाच्या वीजनिर्मितीक्षमतेचा निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू यांवाचूनचा झाला, हे भूषणावह खरे. तथापि गुदाम बांधणे आणि ते मालाने भरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. सूर्य रात्री मावळतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाही दडतो.

तेव्हा व्यापारी बंधूंना विनंती एवढीच, की येत्या वहीपूजनास दोन नवे रकाने आखावे : मालाच्या नगामागे लागलेली वीज, आणि वर्षाची एकूण बाहेरून घेतलेली वीज. पहिला रकाना उतरला म्हणून समाधान मानू नये. दुसराही उतरला, तरच तो खरा नफा.